कंट्री संगीताच्या स्तंभात तबकडीचा नंबरही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकन कंट्री संगीत आणि त्याच्या जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांवर लेख आला, त्याबद्दल मनापासून आभार. मराठी वर्तमानपत्रांत हा विषय क्वचितच येतो, म्हणून त्यातल्या दोन-तीन गोष्टी वेळीच दुरुस्त व्हाव्यात.

या संगीताचे पहिले ध्वनिमुद्रण १९२७ साली अमेरिकेतल्या ब्रिस्टॉल गावी झाले, असे लेखात म्हटले आहे, ते बरोबर नाही. टेक्सासचा फिडल (व्हायोलिन) वादक ए. सी. रॉबर्टसन याने १९२२च्या जूनअखेरीस न्यूयॉर्कला जाऊन व्हिक्टर कंपनीसाठी वाजवले होते. जून १९२३मध्ये अटलांटात फिडलिन जॉन कार्सन 'ओके' या लेबलसाठी, म्हणजे रेकॉर्डच्या ब्रँडसाठी, गायला. ती रेकॉर्ड खपली आणि दक्षिणेतल्या या गाण्याला गिऱ्हाईक आहे हे कंपन्यांना उमगले. ब्रिस्टॉलची गोष्ट त्यानंतरची. तिथे व्हिक्टर कंपनीसाठी काम करणाऱ्या राल्फ पीयर यांनी २५ जुलै ते ५ ऑगस्ट १९२७ या बारा दिवसांत १९ कलाकार किंवा संचांची ७६ ध्वनिमुद्रणे केली. त्यात पुढे गाजलेले कार्टर कुटुंब होते आणि गायक जिमी रॉजर्सही होता. आपल्यासारख्यांना आवडावा असा तपशील म्हणजे, सुरुवातीला तिथे फारसे कोणी फिरकत नव्हते. मग गावच्या 'न्यूज बुलेटिन'मध्ये छापून आले, की अर्नेस्ट स्टोनमन या गायकाला गाण्याचे दिवसाला १०० डॉलर मिळतात आणि आदल्या वर्षी त्याने ३,६०० डॉलर कमावले. त्यानंतर आसपासच्या डोंगरांतून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची रीघ लागली.

आता मुख्य मुद्दा. लेखात पाच-सहा 'दुर्मीळ' रेकॉर्डचा उल्लेख आहे, पण एकीचेही लेबल वा नंबर दिलेला नाही. या क्षेत्रात नुसत्या गायकाच्या नावावर भरवसा ठेवता येत नाही. गायक व्हर्नन डालहार्ट याचे हे नावच मुळी घेतलेले, खरे नाव मॅरियन ट्राय स्लॉटर. हाच गृहस्थ कोलंबियाच्या तबकड्यांवर अल क्रेव्हर होतो, आणि इतर लेबलांवर आणखी डझनावारी नावांनी भेटतो. इंडियानातल्या रिचमंडची जेनेट कंपनी आपलीच ध्वनिमुद्रणे चॅम्पियन, सुपरटोन, चॅलेंज अशा स्वस्त लेबलांवर काढी आणि तिथे गायकाचे नाव बदलून टाकी. त्यामुळे नावावरून संग्रह लावला, की एकच गाणे तीन ठिकाणी जाते. कपाटात तबकड्या लेबल आणि नंबर यांच्या क्रमाने ठेवाव्यात, आणि नावांची सूची वेगळ्या कार्डांवर करावी.

लेबलवरचा नंबर हा विक्रीचा नंबर. ध्वनिमुद्रणाचा मॅट्रिक्स नंबर वेगळा असतो. कोलंबियाच्या तबकडीवर तो लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला सापडतो. विजेरीचा उजेड तिरपा पाडला की वाचता येतो. व्हिक्टरच्या त्या काळच्या अमेरिकन तबकड्यांवर मॅट्रिक्स नंबर सहसा दिसत नाही, पण घड्याळात ९ असतात त्या जागी बारीक आकडा असतो, तो 'टेक'चा, म्हणजे तेच गाणे कितव्या वेळी मुद्रित केले त्याचा. दोन तबकड्यांचा मॅट्रिक्स नंबर एक आणि टेक वेगळा असेल, तर गाणे तेच पण गायलेले दोनदा. दुसरी तबकडी 'डुप्लिकेट' म्हणून विकून टाकणारे इथेच फसतात.

या नोंदींचे मोल कळायला जॉन एडवर्ड्सचे उदाहरण पुरेसे आहे. हा ऑस्ट्रेलियन तरुण अमेरिकेत कधी गेला नाही. सिडनीत बसून त्याने जुन्या गायकांशी पत्रव्यवहार केला, रेकॉर्ड जमवल्या, छोट्या मासिकांतून लिहिले. डिसेंबर १९६०मध्ये मोटार अपघातात तो गेला, वय अवघे २८. पण त्याने मृत्युपत्र करून ठेवले होते. त्यात संग्रह अमेरिकेत जावा, या संगीताच्या गंभीर अभ्यासासाठी वापरला जावा असे नमूद होते, आणि जबाबदारी दिली होती यूजीन अर्ल या तिथल्या जाणकार संग्राहकाकडे. त्यातून १९६२मध्ये त्याच्या नावाची संस्था उभी राहिली, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस आवारात तिचे काम चालले, आणि १९८३मध्ये ते सारे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाकडे गेले. आज अभ्यासक तिथे बसून ते वापरतात. विशीतल्या मुलाला जे सुचले, ते आपल्याकडच्या साठी-सत्तरीतल्या संग्राहकांनी मनावर घ्यावे. 'मुले बघतील' एवढ्यावर सोडले तर मुले रद्दीवाल्याला बोलावतात. त्यांना दोष तरी काय द्यायचा, हाती यादीच नसते.

लेखातला तबकडी स्पिरिटने पुसण्याचा सल्ला मात्र तातडीने मागे घ्यावा. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एकदा हात फिरवला की खाचा गेल्या. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य लिक्विड साबणाचे दोन-चार थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने, लेबल कोरडे, मग नुसत्या पाण्याने धुऊन सावलीत उभी वाळवणे, इतकेच करावे. तडा गेलेल्या तबकडीला पाणी लावू नये, आणि एडिसनच्या जाड डायमंड डिस्कला तर अजिबात नाही. तिचा गाभा पाणी पिऊन फुगतो. तबकड्या उभ्याच ठेवाव्यात, तिरप्या टेकवू नयेत, नाहीतर वाकतात. कोकणासारख्या दमट हवेत जुनी कागदी पाकिटे बुरशी धरतात, ती बदलावीत.

वाजवताना एलपीची सुई लावू नये. तिचे टोक सुमारे एक मिलचे (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक, तर ७८च्या खाचेला तीन मिलच्या आसपासचे लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घसटते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. सगळ्या तबकड्या नेमक्या ७८वर कापलेल्याही नसतात. ७६वर कापलेली ७८वर लावली, तर स्वर जवळजवळ अर्ध्या सेमीटोनने, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन स्वरांतल्या अंतराच्या निम्म्याने चढतो, आणि गायकाच्या पट्टीबद्दल आपण भलतेच लिहून बसतो.

एक विनंती वाचकांनाही. जिमी रॉजर्सच्या रेकॉर्ड त्या काळी हिंदुस्थानातही निघाल्या होत्या, 'द ट्विन' या लेबलवर, नंबराआधी 'एफटी' ही इंग्रजी अक्षरे असलेल्या. परदेशी संग्राहक त्यांच्या शोधात असतात. मुंबई, पुणे, गोव्यातल्या जुन्या घरांत इंग्रजी तबकड्यांची पेटी निघाली, तर वजनावर देण्याआधी प्रत्येकीचे लेबल, विक्रीचा नंबर, गुळगुळीत पट्ट्यातले आकडे आणि गायकाचे छापलेले नाव वहीत उतरवावे, दोन्ही बाजूंचे. आपण यापुढच्या लेखांत एवढ्याच चार गोष्टी प्रत्येक रेकॉर्डखाली छापल्यात, तर वाचकाला हातातली तबकडी पडताळून पाहता येईल.

कळावे,
आपला एक नियमित वाचक