‘सर्वांत मोठी’ नव्हे, ‘ज्ञात असलेली सर्वांत मोठी’

महोदय,

आपल्या पुरवणीतील मूळ संख्यांवरील लेखात, २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा केल्यावर मिळणाऱ्या संख्येला ‘जगातील सर्वांत मोठी मूळ संख्या’ म्हटले आहे. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केल्यामुळे अशी संख्या असूच शकत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘गिम्प्स’ या सामूहिक शोधप्रकल्पात ल्यूक ड्युरांट यांना लेखातील ही संख्या गवसली, तेव्हा ती ज्ञात मूळ संख्यांमध्ये सर्वांत मोठी ठरली, इतकेच.

संगणकाने तिला लहान संख्यांनी एकेक करून भागून पाहिले, हे लेखातील विधान अधिक खटकले. ही संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. तिच्या वर्गमुळापर्यंतचे भागाकार कोणत्याही यंत्राच्या आवाक्यातले नाहीत. प्रत्यक्षात वापरली जाते ती ल्युका-लेमर कसोटी, आणि ३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १ घेतला, तर ती कागदावरही करता येते. ४ पासून सुरुवात करून दर वेळी वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि ३१ ने भागून उरणारी बाकी पुढे न्यायची: ४, मग १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी शून्य. घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे तीन पायऱ्यांनंतर शून्य आले, म्हणून ३१ मूळ. नव्या संख्येसाठी अशा १३,६२,७९,८३९ पायऱ्या लागतात.

घातांक मूळ असला म्हणजे काम भागते असेही नाही, कारण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते २३ गुणिले ८९ आहेत. ज्याच्या नावाने या घडणीच्या संख्या ओळखल्या जातात, तो खुद्द मर्सेनही १६४४ मध्ये ६७ या घातांकाची संख्या मूळ मानून फसला. ती मूळ नाही हे फ्रेंच गणिती ल्युकाने १८७६ मध्ये एकही विभाजक हाती नसताना दाखवले. १९,३७,०७,७२१ हा तिचा विभाजक अमेरिकी गणिती कोलने मांडला तो थेट १९०३ मध्ये. (विभाजक ठाऊक नसतानाही संख्या संयुक्त असल्याची खात्री देता येते, ही गोष्ट मला नव्या विक्रमापेक्षाही विलक्षण वाटते.)

ही कसोटी चालते ती २ च्या घातातून १ वजा करून बनलेल्या संख्यांनाच. म्हणूनच विक्रमी संख्या बहुधा याच घडणीच्या असतात, आणि त्यांच्या दरम्यान असंख्य मूळ संख्या कोणाच्याही नजरेस न पडता राहतात. गुप्तलेखनासाठी या संख्येचा उपयोग होईल, हा लेखातील दावाही टिकत नाही. तेथे शेकडो अंकी आणि मुख्य म्हणजे कोणालाही ठाऊक नसलेल्या मूळ संख्या लागतात.

पुढील अंकात दुरुस्ती छापताना ‘ज्ञात’ हा शब्द तेवढा घालावा आणि भागाकाराचे वाक्य वगळावे, ही विनंती.

आपला,
एक गणित शिक्षक