आर्लबर्गच्या बर्फावर सांभाळून घेणाऱ्यांचे आभार

म्युनिकच्या आमच्या युवा गटाची यंदाची स्कीइंगची सहल ऑस्ट्रियात, आर्लबर्गच्या डोंगरांत गेली. तिथे मदत करणाऱ्या कित्येकांची नावंही विचारायची राहिली, म्हणून हे जाहीर आभार.

सांक्ट आंतोन गावात नासेराइनच्या सोप्या उतारावर स्की शिकवणाऱ्या ताई स्वतः उलट्या घसरत आमच्यापुढे राहायच्या. वेग कमी करायला स्की कशा धरायच्या, ते सांगायच्या: "टोकं जवळ, टाचा बाहेर, पिझ्झ्याचा तुकडा!" हान्नेस श्नायडर यांनी १९२१ मध्ये याच गावात स्की-शाळा काढली, हेही त्यांनीच सांगितलं.

टी-बारच्या (स्कीवर उभं असतानाच चढावर ओढून नेणाऱ्या लिफ्टच्या) दांड्यावर बसायचं नसतं, नुसतं टेकायचं असतं. ते आमच्या डोक्यात शिरेपर्यंत लिफ्टवाल्या दादांनी न कुरकुरता वेग कमी केला.

पण सर्वांत जास्त ऋण लेख (Lech) गावातल्या लाल, म्हणजे मध्यम अवघड, उतारावरच्या आजोबांचं. मी आपटले, बूट स्कीला अडकवणारं बाइंडिंग सुटलं (पाय मुरगळू नये म्हणून ते सुटायलाच हवं) आणि एक स्की खाली निघून गेली. आजोबांनी आधी स्वतःच्या स्की माझ्या वरच्या बाजूला फुलीसारख्या रोवल्या, म्हणजे मागून येणारे सावध होतील. माझी स्की मग त्यांच्या सोबतच्या आजींनी आणून दिली.

आणि वसतिगृहात रोज आमचे ओले हातमोजे वाळत घालणाऱ्या काकू, तुमचेही आभार. कायझरश्मार्न (तुकडे केलेला गोड ऑस्ट्रियन पॅनकेक) आम्ही जरा जास्तच हाणला.