चार युरोंचा हिशेब

सांगली

प्रिय शुभा,

तुझी गिरवायची पानं आली. दोनदा नीट पाहिली. ‘क्ष’ कुठून सुरू करायचा ते दाखवणारे बाण, ‘ळ’साठी काढलेलं कमळ, रेघांमधलं मुलांच्या हाताला पुरेल एवढं अंतर, सगळं फार विचार करून केलंयस. परदेशात शनिवार-रविवारी मराठी शाळा चालवणाऱ्या बायका अशीच पानं शोधत असतात, हे माझ्याकडून क्रोशाचे नमुने घेणारी गिऱ्हाइकं मला नेहमी सांगतात. तेव्हा ती विकली जातील का, ही काळजी करूच नकोस. पण तू फोनवर म्हणालीस, ‘स्वतःची साइट काढते, पैसे भरायचं बटण लावते, मधल्या कुणाला एक पैसा द्यायला नको.’ ते ऐकल्यापासून लिहायचं मनात होतं. हा विषय फोनवर अर्धवटच राहतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. भारतातली विक्री तू स्वतःच्या साइटवरून खुशाल कर. परदेशातली मात्र अशा कंपनीमार्फत कर, जी कायद्याने स्वतः विक्रेता म्हणून उभी राहते आणि तिथला कर स्वतः भरते. याचं मुख्य कारण युरोप.

समज, म्युनिकच्या एका आईने तुझी चार युरोंची पीडीएफ घेतली. तू नाशिकला, ती म्युनिकला. कर कुठला लागणार? युरोपचा नियम असा की गिऱ्हाईक जिथे राहतं तिथला. जर्मनीत व्हॅट १९ टक्के, म्हणजे त्या चार युरोंतले ६४ सेंट जर्मन सरकारचे. तीच फाइल डब्लिनला गेली तर २३ टक्के, म्हणजे ७५ सेंट. हंगेरीत २७ टक्के, म्हणजे ८५ सेंट. किंमत एकच ठेवलीस तरी हातात पडणारी रक्कम देशागणिक बदलणार.

बरं, ती बाई जर्मनीत राहते हे तू कशावरून म्हणतेस? त्यासाठी एकमेकांशी जुळणारे दोन पुरावे लागतात: बिलावरचा पत्ता, आयपी पत्ता (इंटरनेट कुठून वापरलं ते दाखवणारा क्रमांक), कार्ड कुठल्या देशातल्या बँकेचं आहे, असं काहीतरी. आता आपल्या लोकांचं बघ. ती बाई दिवाळीला पुण्यात माहेरी आलेली आहे, तिथे बसून तिने जुन्या भारतीय कार्डाने पैसे भरले. पत्ता म्युनिकचा, कार्ड भारताचं, आयपी भारताचा. चार युरोंच्या एका फाइलसाठी हा निवाडा तू करायचा, आणि त्याच्या नोंदी दहा वर्षं जपून ठेवायच्या.

भरणा करायचीही सोय आहे, नाही असं नाही. १ जुलै २०२१ पासून तिला वन स्टॉप शॉप म्हणतात. युरोपीय संघातल्या कुठल्याही एका देशात नोंदणी करायची, दर तिमाहीला एकच विवरणपत्र भरायचं, त्यात देशवार विक्री दाखवायची, मग तो देश बाकीच्यांना वाटून देतो. सत्तावीस देशांत सत्तावीस नोंदण्या करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण तिमाहीत एकही विक्री झाली नाही तरी शून्याचं विवरणपत्र द्यावंच लागतं. आणि ब्रिटन आता संघात नसल्याने लंडनच्या गिऱ्हाइकासाठी तिथली नोंदणी वेगळी, तीही पहिल्या विक्रीपासून.

पहिल्या विक्रीपासून. माझा खरा राग याच शब्दांवर आहे, शुभा.

हा कायदा मुळात कुणासाठी झाला ते बघ. २०१५ च्या आधी युरोपातल्या युरोपात डिजिटल माल विकला तर विक्रेत्याच्या देशाचा व्हॅट लागायचा. मग मोठमोठ्या कंपन्यांनी लक्झेंबर्गमध्ये ठाण मांडलं. तिथे तेव्हा व्हॅट १५ टक्के, ई-पुस्तकांवर तर ३ टक्के. ब्रिटनमध्ये २०. बाकीच्या देशांचा महसूल बुडत होता आणि त्यांची तक्रार रास्तच होती. म्हणून १ जानेवारी २०१५ पासून नियम फिरवला: कर गिऱ्हाइकाच्या देशाचा. पण ‘इतक्या रकमेपर्यंत सूट’ अशी ओळच त्यात घातली नाही. सुक्याबरोबर ओलंही जळलं. ब्रिटनमध्ये तेव्हा वर्षाला ८१,००० पौंडांपर्यंत विक्री असेल तर व्हॅटची नोंदणीच लागत नसे. घरात बसून विणकामाचे नमुने विकणाऱ्या बायकांनी व्हॅट म्हणजे काय ते कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांची एक फाइल फ्रान्सला गेली की हे सगळं गळ्यात. कुणी युरोपची विक्री बंद केली, कुणी दुकानच आवरलं. खूप आरडाओरडा झाला, आणि १ जानेवारी २०१९ ला १०,००० युरोंची मर्यादा आली. त्याखाली असाल तर आपल्याच देशाचे नियम पाळा.

पण ही मर्यादा संघातल्याच विक्रेत्यांना. आपल्याला नाही. बाहेरच्यांना गिऱ्हाइकाच्या देशाचा व्हॅट १ जुलै २००३ पासूनच आहे, आणि त्याला खालची मर्यादा आजही नाही. म्हणजे लिस्बनमधली बाई ९,००० युरोंचे नमुने विकून निवांत, आणि नाशिकच्या बाईने चार युरोंची बाराखडी विकली की ती करदाती. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१७ पासून परदेशी डिजिटल विक्रेत्यांवर जीएसटी लावला, पण ७५,००० डॉलरची जी मर्यादा त्यांच्या माणसांना तीच बाहेरच्यांना. न्यूझीलंडची ६०,०००, कॅनडाची ३०,०००, प्रत्येकाच्या आपापल्या डॉलरमध्ये. तेव्हा सिडनीची किंवा टोरांटोची गिऱ्हाइकं असतील तर तुला बराच काळ काही करावं लागणार नाही. जे त्यांना जमलं ते युरोपला जमू नये याचं मला कुठलंही पटणारं कारण सापडलेलं नाही. ६४ सेंट गोळा करायला सरकारलाही त्याहून जास्त खर्च येत असेल.

आणि आपलं सरकारही यात मागे नाही. परदेशातला एखादा छोटा चित्रकार आपल्याकडच्या माणसाला फाइल विकतो, तर त्याने इथे नोंदणी करून १८ टक्के भरायचे, तेही पहिल्या रुपयापासून. ही सक्ती डिसेंबर २०१६ पासून आहे, १८ टक्के दर जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून. आपल्यावर होतो तो अन्याय आणि आपण करतो तो नियम, असं म्हणून चालणार नाही.

अमेरिकेची गोष्ट निराळी. तिथे केंद्राचा विक्रीकर नाही, पंचेचाळीस राज्यांचा आपापला आहे, आणि डिजिटल फाइलवर कर आहे की नाही हेही राज्यागणिक. न्यू जर्सी लावतं, कॅलिफोर्निया साध्या डाउनलोडवर लावत नाही. १९९२ च्या निकालामुळे ज्या राज्यात तुमचं दुकान किंवा माणूस नाही ते राज्य तुम्हाला कर गोळा करायला लावू शकत नसे. २१ जून २०१८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात ते उलटवलं. साउथ डकोटाची मर्यादा होती वर्षाला १,००,००० डॉलर किंवा २०० व्यवहार. पहिला आकडा आपल्यापासून लांब आहे, पण दुसरा बघ: चार डॉलरच्या दोनशे फाइल म्हणजे फक्त ८०० डॉलर. साउथ डकोटाने हा दोनशेचा नियम २०२३ मध्ये काढून टाकला, आणखीही काही राज्यांनी काढला, सगळ्यांनी नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी शाळेने तुझी पानं उचलली तर एका राज्यात दोनशे व्हायला वेळ लागणार नाही.

आता आपल्याकडचं. हे सोपं आहे, घाबरू नकोस. डिजिटल फाइल जीएसटीत सेवा धरली जाते, आणि सेवेला वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, राज्याबाहेर किंवा देशाबाहेर विकलं तरी. फक्त हे २० लाख तुझ्या पॅनवर मोजतात. शिकवण्यांची फी, भारतातली विक्री, निर्यात, सगळी बेरीज. पुढे कधी नोंदणी केलीस तर निर्यातीवर कर शून्य, पण त्यासाठी दरवर्षी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) भरायचं आणि पैसे परकी चलनात आल्याचा बँकेचा दाखला ठेवायचा. म्हणून परदेशातल्या आते-मामे बहिणींना ‘इथल्या खात्यावरून यूपीआय कर’ असं सांगायची सवय लावू नकोस. तेव्हा ती निर्यात ठरवणं अवघड जाईल. आणि एक बारकावा: छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकावर ५ टक्के, बाकी डिजिटल मजकुरावर १८. तुझ्या पानांचं पुस्तक छापायचा विचार असेल तर आपल्या सीएंशी हे आधी बोल.

तू विचारलंस, पैसे आले की मी स्वतः मेलने पीडीएफ पाठवली तर? प्रश्न चांगला आहे. युरोपचा नियम आपोआप मिळणाऱ्या, माणसाचा हात जवळजवळ न लागणाऱ्या सेवेला आहे. ब्रिटनच्या कर खात्याने २०१५ च्या बदलाच्या वेळी दिलेल्या तक्त्यात हाताने मेल केलेली पीडीएफ नियमाबाहेर होती, यंत्रणेने आपोआप पाठवलेली आत. मी खास मागणीवरून करून देते ते क्रोशाचे नमुने (एखादीला आजीच्या रुमालाचा फोटो बघून साखळ्या आणि खांब मोजून लिहून द्यायचे असतात) असेच पाठवते. ते एकेकीसाठी केलेलं काम आहे. पण तुझी पानं सगळ्यांना सारखीच, आणि रात्री दोनला न्यू जर्सीहून मागणी आली की तू उठून मेल करणार का? यावर धंदा उभा करू नकोस.

तर मग सुरुवातीला म्हटलं ती, स्वतः विक्रेता म्हणून उभी राहणारी कंपनी. तिला मर्चंट ऑफ रेकॉर्ड म्हणतात. पॅडल मुळातच असं काम करतं, गमरोडने १ जानेवारी २०२५ पासून हीच पद्धत धरली. गिऱ्हाइकाचं बिल त्यांच्या नावाचं, व्हॅट ते लावतात, पुरावे ते ठेवतात, विवरणपत्रं ते भरतात. तुझ्या दृष्टीने सगळी विक्री त्या एकाच कंपनीला. नुसती पैसे गोळा करणारी सेवा वेगळी, हे पक्कं लक्षात ठेव. ती पैसे आणून देते, कर तुझ्याच डोक्यावर राहतो. साइन-अप करायच्या आधी अटींमध्ये ‘विक्रेता कोण’ हे वाच.

मला वाईट याचंच वाटतं की मोठ्यांना आवरायला केलेल्या नियमाने छोट्यांना मोठ्यांच्याच दारात नेऊन बसवलं. स्वतःचं दुकान, स्वतःची गिऱ्हाइकं, त्यांची पत्रं, हे सगळं थोडं दूर जातं. तू तुझी साइट तरीही ठेव. पानांचे नमुने, कशी वापरायची ते, आणि तुझं नाव तिथे असू दे. फक्त परदेशी गिऱ्हाइकाचं बटण त्या कंपनीकडे जाऊ दे.

आता किमतीचं. पाच टक्के आणि वर पन्नास सेंट असा दर धरलास तर चार डॉलरच्या फाइलवर ७० सेंट जातात, म्हणजे साडेसतरा टक्के. बारा डॉलरच्या संचावर जातात १ डॉलर १० सेंट, नऊ टक्क्यांच्या आसपास. म्हणून सुटी पानं विकू नकोस. स्वर आणि व्यंजनं एका संचात, बाराखडी आणि जोडाक्षरं दुसऱ्यात. मी जोडाक्षरांच्या पानांवर पेन्सिलने काही खुणा केल्यात, त्यांचे फोटो उद्या पाठवते. ‘ज्ञ’चा बाण मला उलटा वाटतोय, तेवढा बघ. संच ठरले की किमती टाकायच्या आधी कळव, आपण दोघी बसून प्रत्येक देशाचा हिशेब मांडू.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
वैजू