समासातल्या एका प्रश्नाबद्दल

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

निबंध जमा करून आठ दिवस झाले, तरी तुमचे आभार मानायचे राहून गेले ही रुखरुख जात नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

मला लिहिता येत नाही, अशी माझी पक्की समजूत झाली होती आणि ती मी आपणहून करून घेतलेली नव्हती. आजवर माझे लेखन परत येई ते लाल शाईने भरून, तेही सत्र संपल्यावर. ‘भाषा सुधारावी’, ‘विस्कळीत’, ‘मुद्देसूद लिहावे’ असे शेरे असत. कोणता परिच्छेद विस्कळीत आणि का, हे सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही, आणि घेतली असती तरी दुरुस्तीची वेळ टळून गेलेली असे. ज्या लेखनावरून पुन्हा हात फिरवता येत नाही, त्यावरची टीका कितीही रास्त असली तरी ती शिकवत नाही, नुसती लागते.

तुम्ही कच्चा मसुदा मागितलात. कच्चा म्हणजे कच्चाच, असे बजावूनही सांगितलेत. तो परत आला तेव्हा त्यावर गुण नव्हते, याचा मला आधी रागच आला. शुद्धलेखनाच्या चुकांनाही तुम्ही हात लावला नव्हता, कारण जे परिच्छेद पुढे गळणारच होते त्यांतल्या वेलांट्या सुधारण्यात अर्थ नव्हता, हे मला नंतर उमगले. मात्र चौथ्या पानाच्या तळाशी, मी दमून कसाबसा उरकलेल्या परिच्छेदात, एका वाक्याखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती आणि समासात लिहिले होते : ‘तुला हेच म्हणायचे आहे ना? मग इथून सुरुवात कर.’

त्या ‘ना’पाशी मी बराच वेळ थांबले. माझे म्हणणे माझ्याआधी तुम्हाला सापडले होते, तरी ते तुम्ही मलाच विचारलेत. त्याच रात्री मी पहिली तीन पाने बाजूला काढली आणि त्या वाक्यापासून पुन्हा लिहायला बसले. दुसऱ्या मसुद्यावर तुमचे प्रश्न आणखी नेमके होते : हे कशावरून? वाचकाला हे आधी कळायला नको का?

गुण न देण्यामागचे कारणही पुढे वाचनात आले. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांच्या १९८८ सालच्या अभ्यासात केवळ अभिप्राय मिळालेल्या मुलांचे काम सुधारले. अभिप्रायासोबत गुणही मिळालेल्यांचे तसे सुधारले नाही. आकडा दिसला की नजर तिथेच अडते, हे मी स्वतः अनेकदा अनुभवले आहे. पण अभ्यास वाचून कोणाला सौजन्य येत नाही. दुसऱ्याचे अर्धवट लेखन तुच्छतेने न पाहता शेवटपर्यंत वाचणे यात मोठी माणुसकी आहे, आणि तिला वेळ द्यावा लागतो. तो तुम्ही दिलात.

निकाल अजून लागलेला नाही. हे पत्र मी मुद्दाम त्याआधी लिहीत आहे.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी