सीआरपीचा आकडा आणि कंपवाताच्या रुग्णाची उदासी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या वडिलांना सहा वर्षांपासून कंपवात (पार्किन्सन) आहे. गेल्या पावसाळ्यात ते कोणाशी बोलेनासे झाले, तेव्हा केलेल्या रक्ततपासणीत सीआरपी, म्हणजे शरीरातील दाह दाखवणारा आकडा, वाढून १४ आला आणि ‘मेंदूला सूज आहे, उदासी त्यातूनच आली,’ असे तपासणी केंद्रातच आम्हाला ऐकवण्यात आले. प्रत्यक्षात दाढेच्या मुळाशी पू झाला होता. दाढ काढल्यावर आकडा ३ वर उतरला. वडिलांचा अबोला मात्र तसाच राहिला.

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन असून, शरीरात कोठेही दाह असला की इंटरल्युकिन-६ या रसायनाच्या इशाऱ्यावर त्याचे प्रमाण वाढते. मग तो दाह हिरड्यांचा असो, संधिवाताचा असो वा छातीतल्या संसर्गाचा. लठ्ठपणाने आणि बिडी-सिगारेटनेही ते वाढते, हे तंबाखूसाठी प्रसिद्ध असलेल्या निपाणीच्या आसपास तरी विसरून चालणार नाही. दाहाचा आणि उदासीचा संबंधच नाही, असे माझे म्हणणे नाही. अन्नातून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅनपासून मनःस्थितीशी निगडित सेरोटोनिन हे रसायन बनते; दाहामुळे ते ट्रिप्टोफॅन दुसऱ्याच वाटेला वळते, हे ज्ञात आहे. कंपवाताच्या उदास रुग्णांत सीआरपीसारखे दाहाचे घटक सरासरीने अधिक असल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. पण गटाची सरासरी म्हणजे एका माणसाचे निदान नव्हे. २०१३ साली अमेरिकेत, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या ६० नैराश्यग्रस्तांवर दाहविरोधी औषधाचा प्रयोग झाला. एकूण गटाला त्याचा लाभ झाला नाही. सीआरपी ५ च्या वर असलेल्यांत तेवढा काही फायद्याचा कल दिसला. ते रुग्ण कंपवाताचे नव्हते, हेही ध्यानात घ्यावे.

कंपवाताच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांना उदासी ग्रासते, आणि ती कधीकधी हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी सुरू होते. चेहरा भावशून्य होणे, झोप मोडणे, हालचाल मंदावणे ही लक्षणे दोन्हींत असल्याने ती सहज निसटते. ती पकडण्यासाठी गेल्या दोन आठवड्यांविषयीची नऊ प्रश्नांची प्रश्नावली प्रचलित आहे. मात्र आमच्याकडील वृद्ध ‘नैराश्य’ म्हणत नाहीत. ‘करमत नाही’, ‘जीव रमत नाही’, ‘नको झालंय’ म्हणतात. कन्नडमधून विचारलेल्या प्रश्नाला वडील केवळ मान हलवत. एका परिचारिकेने मराठीतून विचारले, तेव्हा ते प्रथमच रडले, आणि त्यांच्यावरील उपचार तेथून सुरू झाले.

म्हणून जिल्हा आरोग्य विभागाने ही प्रश्नावली सीमाभागातील तालुका रुग्णालयांत मराठीतही ठेवावी, आणि तपासणी केंद्रांनी सीआरपीच्या अहवालावर ‘यावरून मानसिक आजाराचे निदान होत नाही’ अशी एक ओळ छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)