शनिवारच्या बैठकीची आठवण: होरमसजी सीरवई

सर्व सभासदांस स्मरण देण्यात येते की, येत्या शनिवारच्या अभ्यासबैठकीत ज्येष्ठ विधिज्ञ होरमसजी सीरवई यांच्या कारकिर्दीवर चर्चा होईल. मुंबईचे नामवंत वकील सर जमशेदजी कांगा यांच्या चेंबरमध्ये घडलेले सीरवई १९५७ ते १९७४ या काळात आधी मुंबई राज्याचे व पुढे महाराष्ट्राचे महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी, होते. सर्वोच्च न्यायालयातील केशवानंद भारती खटल्यात केरळ सरकारच्या बाजूने उभे राहून त्यांनी घटनेच्या मूलभूत चौकटीच्या सिद्धांताला (संसदेला घटनादुरुस्ती करूनही घटनेचा गाभा बदलता येत नाही, या तत्त्वाला) विरोध केला, मात्र पुढे आपल्या ग्रंथात तोच सिद्धांत मान्य केला. स्वतःची भूमिका अशी जाहीरपणे तपासणे हे मोठेपणाचेच लक्षण आहे, असे आम्ही मानतो. सभासदांनी केशवानंद भारती खटल्याच्या १९७३ च्या निकालपत्रातील निदान न्या. एच. आर. खन्ना यांचे मत वाचून यावे.