माफी ठोशाची माग, मजकुराची नको

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी नुसता 'हं, हं' करत राहिलो. तुला वाटलं असेल, बाबा रागावले. तसं नव्हतं. शेजारी तुझी आई बसली होती, आणि मला जे सांगायचं होतं त्यातलं निम्मं तिच्यासमोर बोलायची माझी छाती नव्हती. म्हणून पत्र.

आधी एक गोष्ट मिटवून टाकतो. जो माणूस रोज तुमचा मजला झाडतो, त्याने त्याच मजल्यावरच्या कूलरचं पाणी प्यायचं नाही, हा नियम घाणेरडा आहे. त्याविरुद्ध तू नोटीस लावलीस, खाली स्वतःचं नाव लिहिलंस, हे मला आवडलं. फोटो मी दोनदा वाचला. ('पिण्याचे'मधला 'ण' चुकलाय, असो.)

मग त्या मुलाने ती फाडली आणि तू त्याच्या तोंडावर ठोसा मारलास. दात हलला, चौकशी झाली, सात दिवस निलंबन. आता मला सांग, त्या चौकशीत कूलरचा विषय किती वेळ निघाला? तूच म्हणालास, एकदाही नाही. पहिला हात कुणी उचलला, साक्षीदार कोण, दात कुठला, एवढंच. ज्यांनी तो नियम केला त्यांना उत्तर द्यावंच लागलं नाही. तू त्यांची सुटका करून दिलीस.

हे मला चांगलं कळतं, कारण मीही एकदा तेच केलं आहे. प्राचार्यांच्या दाराची काच फोडल्याची माझी गोष्ट तू लहानपणापासून ऐकत आलायस. फीवाढीविरुद्धचा मोर्चा, घोषणा, आणि मग खळ्ळकन काच. दरवेळी मी ती रंगवून सांगितली आणि दरवेळी एक भाग गाळला. त्या दिवशी सकाळी आमच्यातले चौघे आत बोलायला बसले होते आणि बोलणं पुढे सरकत होतं. काच फुटली, बोलणी थांबली, पोलीस आले. फी वाढली ती वाढलीच. त्या चौघांतली एक मुलगी नंतर वर्षभर माझ्याशी बोलली नाही. ती तुझी आई. ठोसा मारताना तुझ्या डोक्यात माझी ती काच असेल का, या विचाराने मला काल झोप लागली नाही.

पाण्यावरून भांडायचं कसं, हे आपल्याकडे फार आधी कुणीतरी दाखवून ठेवलं आहे. महाडचं चवदार तळं तिथल्या नगरपालिकेने ठराव करून १९२४ सालीच सगळ्यांना खुलं केलं होतं, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. एवढंच 'आंदोलन'. नंतर गावात अफवा उठली की ही माणसं आता देवळातही शिरणार, आणि परतणाऱ्या लोकांवर लाठ्याकाठ्या चालल्या. सभेला आलेल्यांत लष्करात नोकरी केलेली माणसं होती. मारामारीत ती कुणाला ऐकली नसती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. मार खाण्यात पुण्य आहे असं काही ते मानत नव्हते. पण त्या दिवशी उलटा हात उचलला असता तर दुसऱ्या दिवशी 'दोन गटांत दंगल' एवढंच उरलं असतं. तसं झालं नाही, म्हणून हल्ला करणारे कोर्टात उभे राहिले आणि त्यांना शिक्षा झाली. तळ्याचा दावा मात्र हायकोर्टापर्यंत रखडला, निकाल लागला १९३७ साली. दहा वर्षं! तू दहा सेकंदही थांबला नाहीस.

पण 'थांब' म्हणणं सोपं असतं. डोकं तापल्यावर कोण थांबतो? इथे मला अमेरिकेतल्या नॅशव्हिलची मुलं आठवतात. तिथल्या दुकानांतल्या खाण्याच्या काउंटरवर काळ्या माणसांना बसू देत नसत. १९६० च्या फेब्रुवारीत काळे विद्यार्थी तिथे जाऊन शांतपणे बसू लागले. लोक त्यांच्यावर थुंकले, त्यांना मारलं, पोलिसांनी पकडून नेलं तेही त्यांनाच. मे महिन्यात सहा दुकानांनी काउंटर खुले केले. मला यात महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या आधीचं. जेम्स लॉसन नावाच्या तरुणाने महिनोन्‌महिने त्यांची तालीम घेतली होती. अर्ध्यांनी शिव्या द्यायच्या, खुर्ची ओढायची. उरलेल्यांनी बसून राहायचं. मग अदलाबदल. ती मुलं स्वभावाने शांत होती म्हणून बसली नाहीत. त्यांना माहीत होतं की राग येणारच, आणि आला की हातांचं काय करायचं हे त्यांनी आधी ठरवून ठेवलं होतं. तू नोटिशीचा मजकूर ठरवलास, ती कुणी फाडली तर काय, हे ठरवलं नाहीस. चूक झाली ती तिथे.

'मग काय गप्प बसायचं?' हे तू विचारणार. मुळीच नाही. अमेरिकेतल्याच मॉंटगोमेरी शहरात काळ्या माणसांना बसमध्ये वेगळं बसवत; तिथल्या काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसमध्ये पाय ठेवला नाही, पायी गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले; बसकंपनीच्या गल्ल्याला ते चांगलंच जाणवलं. याला कुणी गप्प बसणं म्हणेल का? तुला आकडे लागतात म्हणून तेही देतो. चेनोवेथ आणि स्टीफन या दोन अभ्यासकांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ चळवळी तपासल्या. शस्त्राविना लढलेल्या ५३ टक्के यशस्वी झाल्या, शस्त्र घेतलेल्या २६ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्म्या शांत चळवळींनाही पुरतं यश मिळालं नाही, हेही त्यातच आलं. हमी कुठेच नाही.

कुणी अंगावर धावून आलं तर स्वतःला सोडवून घ्यायचं, त्यावर मी काही बोलणार नाही. पण त्याने कागद फाडला होता रे. तो फाटका कागद तू तसाच भिंतीवर राहू द्यायला हवा होतास. शेजारी दुसरी प्रत, खाली तुझ्यासोबत आणखी चार नावं. येणारा-जाणारा दोन्ही बघत राहिला असता.

सोमवारी परत जाशील तेव्हा आधी त्या मुलाकडे जा. माफी ठोशाची माग, मजकुराची नको. समिती 'झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी' असं मोघम काहीतरी लिहून मागेल. सही करण्याआधी त्यात नोटिशीचा उल्लेख आहे का ते बघ. असला तर तेवढी ओळ काढायला सांग, नम्रपणे, आणि नाही काढली तर सही करू नकोस. निलंबन वाढलं तर वाढू दे, तुझ्या आईला मी समजावतो. दाताचा खर्च तुझ्या साठवलेल्या पैशांतून जाईल, माझ्या नाही.

आणि नवी नोटीस लावण्याआधी त्या सफाई कामगारांना विचार, त्यांना ती हवी आहे का. तुझं निलंबन सात दिवसांत संपतं, त्यांची नोकरी गेली तर परत येत नाही. पहिल्या वेळी तू विचारलं होतंस का, हे तू मला सांगितलेलं नाहीस.

आई विचारते आहे, हाताची सूज उतरली का. त्या मुलाचा दात वाचला की काढावा लागला, तेही कळव.

तुझा,
बाबा